मोबाइलचा उपास

सात रस्ता चौकाच्या कोपऱ्यावर चहावाल्यानं अजून स्टोव्हसुद्धा पेटवला नव्हता, आणि महेश्वरअण्णांनी पोतं काढलं. ज्वारीचं, धुऊन वाळवलेलं, तोंडाला लाल नाडी ओवलेलं. चाकोरी सायकल मंडळाच्या दुधनी सफरीला आलेल्या प्रत्येकानं आपला मोबाइल त्यात टाकायचा, पोतं टेंपोत ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी सोलापुरात परतल्यावर ज्याचा त्याला द्यायचं, असा नियम होता. अण्णांनी त्याला नाव दिलं होतं, मोबाइलचा उपास. अण्णा बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. नोकरी सुटली, पण चार माणसं दिसली की त्यांच्यासाठी नियम करायची खोड काही सुटली नव्हती.

लोक हौसेनं मोबाइल टाकत होते. कुणी टाकण्याआधी त्याला नमस्कार केला, कुणी ‘सुखी राहा रे बाबा’ म्हणून निरोप दिला. हशा पिकत होता. पोतं फिरत फिरत भुवनेश्वरीपाशी आलं आणि हशा थांबला.

भुवनेश्वरीच्या सायकलच्या हँडलवर टॅब बसवलेला होता. शाळेतल्या पाटीएवढा, चारी बाजूंनी क्लिपांत घट्ट धरलेला, त्याची वायर पुढच्या पिशवीतल्या पॉवर बँकेत गेलेली. मागच्या कॅरिअरखाली, गाड्यांना लावतात तसला एक छोटा कॅमेरा. हा सगळा सरंजाम बघून दोघातिघांनी सकाळपासूनच एकमेकांना कोपरानं ढोसलं होतं.

“हे पण टाका की ताई,” अण्णा पोत्याचं तोंड उघडून म्हणाले.

टॅबच्या खालच्या अर्ध्या भागात ती अक्षरं उमटली. भुवनेश्वरीनं ती वाचली आणि म्हणाली, “न्हाय टाकणार.”

आवाज जरा मोठाच निघाला. आपला आवाज केवढा निघाला ते तिला समोरच्याच्या भुवयांवरून कळायचं, आणि अण्णांच्या भुवया पार हेल्मेटात शिरल्या होत्या.

“उपास म्हणजे उपास, ताई. सगळ्यांना सारखा.”

“उपासाला औषध चालतं न्हवं? साखरवाल्याला तुमी गोळी बंद करायला लावता काय?”

“औषध वेगळं, हे वेगळं. अहो, आपण येतोय कशाला? सारखं त्या पडद्यात डोकं घालायला? वारा ऐकायचा, पाखरं ऐकायची. दोन दिवस जरा कान उघडे ठेवायचे.”

भुवनेश्वरीनं हे वाक्य दोनदा वाचलं. माणूस चेष्टा करत असता तर बरं झालं असतं, पण अण्णा चेष्टा करत नव्हते. त्यांना खरंच सुचलंच नव्हतं.

“अण्णा, मला वारा ऐकू येत न्हाय. पाखरं बी न्हाय. मागनं ट्रक आला तरी न्हाय. हे काढलं तर मी कुंभारीच्या फुडं जात न्हाय.”

अण्णा थोडे वरमले, पण पोतं काही मिटलं नाही. थांब्यावर वापरा, चालवताना पिशवीत ठेवा, अशी तोड त्यांनी काढली. चालवतानाच तर लागतं, ती म्हणाली. मग त्यांनी सगळ्यांकडं एकवार बघितलं, आणि बँकेत कर्ज नाकारताना लावत असतील तसा मऊ आवाज लावला असावा, कारण टॅबला शब्द टिपायला वेळ लागला. मग मंडळाच्या सफरीत तुम्हाला धरता येणार नाही, अशी अक्षरं आली.

मंडळाचा पिवळा टी-शर्ट तिच्या खांद्यावर घडी करून होता. तिनं तो काढून पोत्यात टाकला.

“रस्ता तर मंडळाचा न्हाय की,” ती म्हणाली. “तुमी व्हा फुडं. मी माजी मागनं येते.”

भुवनेश्वरीचे कान काही एका दिवसात गेले नव्हते. टॉवेलच्या कारखान्यात काठ तपासायचं तिचं काम, आणि भिंतीपलीकडं दिवसभर माग खडखडत असायचे. आधी टिटवी गेली, मग कुकरची शिट्टी, मग फोनवर बोलणारी लेक, आणि शेवटी समोर बसून बोलणारा नवरा. कानातलं मशीन लावून बघितलं, तर त्यात नुसती पत्र्याची डबडी वाजायची. सगळ्यात वाईट झालं ते मात्र निराळंच. लग्नाआधीपासून ती सायकलवर फिरत आलेली बाई. एकदा मागून येणाऱ्या टेंपोचा आरसा तिच्या दंडाला घासून गेला, आणि गुरुशांतनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, सायकल उचलून शेडमध्ये खुंटीला टांगली. तो वाईट माणूस नव्हे. घाबरला होता. पण खुंटीला टांगलेली सायकल रोज बघायची म्हणजे काय असतं, ते त्याला कसं कळणार. भुवनेश्वरी रिक्षानं कामावर जाऊ लागली आणि रिक्षात बसून रोज मनातल्या मनात भांडू लागली.

मग पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारी शिवलीला सुट्टीला आली, ती हा टॅब घेऊन. समोरचा बोलेल ते त्यात लिहून यायचं. मागचा कॅमेरा तिनंच आणला, आणि मोटारींचं वाइंडिंग करणाऱ्या गुरुशांतनं वायरी जोडून दिल्या. पडद्याच्या वरच्या भागात मागचा रस्ता, खालच्या भागात माणसांचं बोलणं. भुवनेश्वरीनं सायकल खुंटीवरून काढली, हवा भरली, गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागली आणि बस डेपोपर्यंत जाऊन आली. परत येईपर्यंत ती रडत होती, आणि रडू येतंय म्हणून स्वतःवरच चिडत होती.

एकच अडचण राहिली. घरात भाषा कानडी. सोलापुरातल्या या घरांची जुनी रीत अशी, की बोलायचं कानडीत आणि शिकायचं मराठी शाळेत. भुवनेश्वरी कानडीत भांडायची, ओव्या म्हणायची, देवाशी बोलायची, पण तिला कानडीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. गुरुशांतलाही नाही, सासूलाही नाही. कान होते तोवर कुणाचं अडलं नव्हतं. टॅबला कानडी ऐकवलं की तो इमानदारीत कानडी अक्षरं काढून दाखवायचा, आणि ती त्या गोल गोल अक्षरांकडं बघत राहायची. स्वतःच्या आईची भाषा समोर दिसतेय आणि आत शिरता येत नाही. मग तिनं अंकलिपीचा तक्ता आणला आणि स्वयंपाकघरात भाकरीच्या परातीसमोर चिकटवला. गुरुशांत आधी हसला. तिनं एका संध्याकाळी त्याचं वाक्य बोटानं ओढत ओढत वाचून दाखवलं, तेव्हा तो हसायचा थांबला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

तेव्हा हा टॅब पोत्यात टाका म्हणणं किती सोपं होतं बघा.

अक्कलकोट रस्त्याला लागल्यावर ऊन कोवळं होतं. मंडळाचे पिवळे टी-शर्ट पुढं रांगेनं चालले होते आणि भुवनेश्वरी हाकेच्या अंतरावर मागून. हाकेच्या अंतरावर म्हणायचं आपलं, तिला हाकेचा काय उपयोग. दोन्ही बाजूला ज्वारी उभी होती, तुरी काढून झालेल्या रानात शेळ्या फिरत होत्या. उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले होते. एकामागं एक दोन ट्रॉल्या, दोन्ही वरपर्यंत भरलेल्या, वळणावर झोकांड्या देणाऱ्या. पडद्याच्या चौकोनात आधी एक लाल ठिपका यायचा, तो मोठा व्हायचा, आणि तो पुरता ट्रॅक्टर होण्याआधीच भुवनेश्वरी रस्त्याच्या कडेला सरकलेली असायची. ट्रॅक्टरवाल्यांनी मोठ्यानं गाणी लावलेली असणार. तिला फक्त हँडलमधून थरथर जाणवायची, आणि तेवढीही तिला बास होती. खुंटीवरून उतरलेल्या बाईला फार लागत नाही.

चिडली मात्र होती. सरळ सांगायचं तर वळसंग येईपर्यंत तिनं महेश्वरअण्णांना मनातल्या मनात चांगल्या चार शिव्या घातल्या, त्यातल्या दोन कानडीत.

वळसंगला मंडळ चहाला थांबलं. भुवनेश्वरीही थांबली, चहाची टपरी काही मंडळाची नव्हती. रांगेतली पायल तेवढी तिच्याजवळ आली. पायल माढ्याकडची, शहरात विम्याच्या ऑफिसात काम करणारी, खोली करून राहणारी मुलगी. तिनं आपल्या डब्यातली कडक भाकरी मोडून भुवनेश्वरीपुढं धरली, वर शेंगाची चटणी.

“लई वाईट वाटलं बगा ताई मगाशी,” पायल म्हणाली. “पर अण्णांफुडं कोन बोलनार.”

टॅबला माढ्याची बोली येत नव्हती. तो सगळ्यांचं बोलणं धुऊन इस्त्री करून द्यायचा. ‘फार वाईट वाटलं’ असं त्यानं लिहिलं. भुवनेश्वरीला पायलच्या ओठांवर ‘लई’ दिसला होता, तो तिनं आपला आपण घातला.

“वाईट वाटून घेऊ नको. भाकरी दे अजून.”

पायल हसली आणि कडुलिंबाच्या झाडामागं गेली. भुवनेश्वरी चटणी लावून खात होती, तेवढ्यात पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात मंडळाच्या ग्रुपवरचा फोटो आला. टपरीसमोर हातात कप घेऊन उभे असलेले पिवळे टी-शर्ट. खाली मजकूर: ‘वळसंग. स्क्रीनमुक्त सफर. ना मोबाइल, ना मेसेज. फक्त आपण आणि रस्ता.’

फोटो आत्ताचा होता. टपरीवाला अजून तोच कप विसळत होता. भुवनेश्वरीनं खाणं थांबवलं. फोटो अण्णांच्या नंबरवरून आला होता. बघता बघता त्याखाली अंगठे उमटायला लागले. घरी राहिलेल्यांचे होते, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण त्यात सफरीला आलेल्यांचेही होते. एक अंगठा पायलचा होता. भुवनेश्वरीनं कडुलिंबाकडं बघितलं. झाडामागं पायल पाठ करून, मान खाली घालून उभी होती.

अक्कलकोटच्या अलीकडं चढ लागला तेव्हा पायल दम खात मागं पडली आणि भुवनेश्वरीच्या बाजूनं चालवू लागली. भुवनेश्वरीनं आडपडदा ठेवला नाही.

“तुजा अंगठा दिसला मला.”

पायल इतकी गडबडली की सायकल मातीत उतरली.

“पोत्यात जुना टाकलाय ताई. काच फुटलेला, चालू बी होत न्हाय. घरात पडूनच व्हता.” मग सायकल परत डांबरावर चढवत म्हणाली, “सगळ्यांनीच तसं केलंय. परत्येकाच्या घरात एक पडका मोबाइल असतोच की.”

“आनि अण्णा?”

“अण्णांचे दोन हायत. एक पोत्यात, एक खिशात. मंडळाचं काम असतं म्हनून.” पायलनं तिच्याकडं बघितलं. “सांगू नका हं कुनाला.”

“मी कशाला सांगू,” भुवनेश्वरी म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं. उपास करायचा आणि देवघराच्या दाराआड शेव खायची, हे सगळ्या जगात चालतं. तिचं भांडण त्याच्याशी नव्हतं. तिला एवढंच हवं होतं, की आपण आहोत तसं, हा टॅब लावून, चारचौघांबरोबर रांगेत चालावं. मागून नाही. सवलत म्हणून नाही.

अक्कलकोटला तलावाच्या काठी सगळ्यांचा फोटो निघाला. कुणीतरी खूण केली म्हणून भुवनेश्वरीही सायकल घेऊन टोकाला उभी राहिली. थोड्या वेळानं तो फोटो ग्रुपवर आला, तेव्हा ती त्यात नव्हती. कडेनं कापला होता. कापणाऱ्याचा हात जरा चुकला असावा, कारण तिचं पुढचं चाक अर्धं राहून गेलं होतं. माणसाशिवाय उभं असलेलं अर्धं चाक. हे मात्र तिला लागलं. माणूस तोंडावर ‘तू नको’ म्हणाला तर त्याच्याशी भांडता येतं, आणि सकाळी ती भांडलीही होती. पण असं गुपचूप कापून टाकल्यावर कुणाशी भांडायचं? तिनं तो फोटो मोठा करून आपल्या चाकाकडं बघून घेतलं, पाणी प्यायली आणि निघाली.

दुधनीला पोचायला दुपार कलली. मुक्काम सिद्धाप्पांच्या अडतीवर होता. सिद्धाप्पा म्हणजे तिथले तुरीचे अडते, अण्णांचे जुने खातेदार. मोठं अंगण, एका बाजूला तुरीच्या पोत्यांची थप्पी, सतरंज्या अंथरलेल्या. दारात उभं राहून ते येणाऱ्या प्रत्येकाला गूळपाणी देत होते आणि अण्णा शेजारी उभं राहून एकेकाची ओळख करून देत होते. भुवनेश्वरी सगळ्यांत शेवटी आली. सिद्धाप्पांनी तिच्या हातातला टॅब बघितला, तिच्या टी-शर्टाकडं बघितलं, जो पिवळा नव्हता, आणि अण्णांना काहीतरी विचारलं.

अण्णांनी तिच्याकडं बघितलं, मग टॅबकडं. आणि उत्तर कानडीत दिलं.

भुवनेश्वरीच्या ते लगेच लक्षात आलं. टॅबवर मराठीत काहीबाही उमटत होतं, ज्याला ना शेंडा ना बुडखा. अण्णा हुशार माणूस. सकाळपासून त्यांनी पाहिलं होतं, की हा पडदा मराठी लिहितो. आणि लिहिली त्यानं कानडी, तरी आपल्या सोलापूरच्या घरांतलं कोण ती वाचणार? त्यांना स्वतःला येत नव्हती. त्यांच्या बायकोला येत नव्हती. तेव्हा या बाईसमोर हवं ते बोलावं आणि वर हसून नमस्कार करावा, इतकं ते सोपं होतं.

भुवनेश्वरीनं अंगठ्यानं भाषा बदलली.

अण्णा अजून बोलत होते. गोल गोल अक्षरं एकामागं एक यायला लागली, आणि ती गूळपाण्याची वाटी खाली ठेवून, अक्षरांखाली बोट फिरवत वाचायला लागली. आकि. नम्माकि. अल्ल. ती आपल्यातली नाही. हिंद हिंद बंदाळ. मागं मागं आलीय. किवि केळंगिल्ल, यार मातू केळंगिल्ल. कानानं ऐकू येत नाही, आणि कुणाचं ऐकतही नाही.

खरं सांगायचं तर आधी तिला आनंदच झाला. घराबाहेरच्या माणसाचं अख्खं कानडी बोलणं तिनं पहिल्यांदाच वाचलं होतं, एकाही अक्षरावर न अडखळता. गुरुशांतला सांगायला हवं, असं मनात येऊन गेलं. मग त्या अक्षरांचा अर्थ पोचला आणि तिचे कान, जे कशाच्याच कामाचे नव्हते, गरम झाले. आईच्या भाषेत, बारशापासून कानावर पडलेल्या भाषेत, तिला कुणी ‘आपल्यातली नाही’ म्हणत होतं. परक्या भाषेत म्हटलं असतं तर एवढं लागलं नसतं.

तिनं वर बघितलं. सिद्धाप्पांची नजर तिच्या बोटावर होती. ते बोट कानडी अक्षराखाली थांबलेलं त्यांनी बघितलं, आणि म्हातारा एकदम हातातल्या वाटीत बघायला लागला. अण्णांना काहीच दिसलं नव्हतं. ते तिला नमस्कार करून हसले.

हातपाय धुऊन झाल्यावर अण्णांनी सगळ्यांना गोल करून सतरंजीवर बसवलं. मध्ये चौरंग मांडला आणि त्यावर मोबाइलचं पोतं ठेवलं, नाडी बांधून, वर एक झेंडूचं फूल. पूजाच म्हणा. मग ते बोलले. भुवनेश्वरी गोलाच्या जरा बाहेर, तुरीच्या थप्पीला टेकून बसली होती. अक्षरं येत होती: आज आपण जिंकलो. दिवसभर कुणीही पडद्याकडं बघितलं नाही. आता डोळे मिटा आणि नुसतं ऐका. ऐकणं ही आपण हरवलेली गोष्ट आहे.

सगळ्यांनी डोळे मिटले.

भुवनेश्वरी डोळे मिटत नसे. लोकांनी डोळे मिटले की त्यांच्याकडं कान उरतात. तिनं मिटले की काहीच उरत नाही, नुसती खोल विहीर. म्हणून देवळातसुद्धा ती उघड्या डोळ्यांनी हात जोडायची. त्यामुळं त्या अंगणात त्या वेळी उघडे डोळे दोनच माणसांचे होते. एक ती, आणि दुसरे महेश्वरअण्णा.

अण्णांनी मांडीवर टॉवेल पसरला होता. टॉवेलाखालून त्यांनी मोबाइल काढला, डावीकडच्या लोकांचा फोटो घेतला, आणि मान खाली घालून अंगठ्यानं लिहू लागले. लगेच तिच्या पडद्यावर तो येऊन पडला. मिटलेल्या डोळ्यांची, शांत चेहऱ्यांची रांग. ‘दुधनी. पडदे बंद, कान उघडे.’

आता तुम्ही म्हणाल, तिनं सोडून द्यायला हवं होतं. दिवसभर तिनं तेच केलं होतं. तिनं पडका मोबाइल सोडला, अंगठा सोडला, अर्धं चाकसुद्धा सोडलं. पण ‘नम्माकि अल्ल’ तिला सोडता येईना. तिनं मंडळाचा ग्रुप उघडला. वर कोपऱ्यात टेलिफोनचं चिन्ह होतं, सगळ्यांना एकदम फोन लावायचं. तिनं ते दाबलं.

तिला काही ऐकू आलं नाही. आधी पायलच्या टी-शर्टाच्या आत उजेड पडला. मग कुणाची मांडी थरथरली. मग एकेकाचे डोळे उघडले आणि एकेकाचा हात चोरासारखा कुठंकुठं गेला, कुणाचा मोज्यात, कुणाचा कमरेच्या पिशवीत, एका जाड गृहस्थांचा तर चक्क हेल्मेटात. अण्णांच्या मांडीवरचा टॉवेल थुईथुई नाचत होता. त्यांनी तो दाबून धरला, तसा मोबाइल निसटून सतरंजीवर पडला आणि चौरंगापर्यंत घसरत गेला, पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘चाकोरी’ लिहिलेलं.

टॅबच्या खालच्या भागात बारीक अक्षरं आली: फोन वाजत आहे. फोन वाजत आहे. फोन वाजत आहे.

मध्ये चौरंगावर पोतं होतं. ते तेवढं निवांत बसलं होतं. त्यावरचं फूलसुद्धा हललं नाही.

भुवनेश्वरीनं फोन बंद केला. अण्णा उठून उभे राहिले, चेहरा लालबुंद. ते लगेच बोलायला लागले, पण टॅबवर अजून ‘फोन वाजत आहे’च होतं, म्हणून तिनं ते शांतपणे पुसलं आणि हातानं थांबायची खूण केली. मग म्हणाली, “आता बोला.”

“हा काय पोरखेळ आहे? लोक ध्यानाला बसलेत.”

“तुमीच म्हनला, ऐका. सगळ्यांनी ऐकलं. मी एकटी राहिले.” ती उठली आणि टॅब छातीशी धरून गोलाच्या आत आली. तिचा आवाज केवढा निघत होता कुणास ठाऊक. तिनं कुणाच्या भुवयांकडं बघितलंच नाही. “तुमच्यापाशी दोन हायत. त्याचं मला काय न्हाय. तुमाला फोटो काडायला मोबाइल लागतो, मला ट्रक चुकवायला लागतो. तुमचं लपवून चालतं. माजं हँडलवर लावल्याशिवाय चालत न्हाय. एवडाच फरक हाय आपल्यात.”

अण्णांनी तोंड उघडलं. ती थांबली नाही.

“आनि मगाशी दारात तुमी काय म्हनला, ते मी वाचलं.”

अण्णांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा भीती दिसली, आणि तिला त्याचं वाईट वाटलं नाही. तिनं त्यांच्याकडं सरळ बघून, त्यांच्या आणि आपल्या भाषेत सांगितलं, “केळंगिल्ल, खरे. ओदाक बरतैति.”

ऐकू येत नाही, खरं आहे. वाचायला येतं.

मग ती बसली, थप्पीपाशी नाही, गोलातच, पायलच्या शेजारी. पायलनं सरकून जागा दिली आणि टी-शर्टाच्या आतला मोबाइल काढून उघड मांडीवर ठेवला. हळूहळू बाकीच्यांचेही बाहेर आले. सिद्धाप्पांनी स्वतः उठून पहिलं ताट तिच्यासमोर आणून ठेवलं आणि टॅबजवळ तोंड नेऊन, सावकाश, शाळेतल्या मास्तरासारखं काहीतरी म्हटलं. तिनं भाषा बदलून ते परत म्हणायला लावलं. ‘ऊटा माडव्वा,’ असं ते होतं. जेव बाई. तिनं ते बोटानं वाचलं, आणि मग तिला जेवता येईना, कारण आई अगदी असंच म्हणायची. मान खाली घालून ती बराच वेळ भात कालवत बसली.

सकाळी निघताना अंगणात सगळ्यांच्या सायकली उभ्या होत्या आणि सगळ्यांचे मोबाइल हँडलवर, कुणी रबरानं बांधलेले, कुणी दोरीनं. पोतं टेंपोत तसंच पडून होतं, पडके मोबाइल परत मागायची कुणाला घाई नव्हती. अण्णा तिच्यापाशी आले. हातात घडी केलेला पिवळा टी-शर्ट होता.

“रांगेत या तुम्ही आज,” असं टॅबवर उमटलं. अण्णांनी टी-शर्ट पुढं केला. मग आलं: “माझं चुकलं.”

भुवनेश्वरीनं वाचलं. टी-शर्ट घेतला. तो तिनं घातला नाही, मागच्या कॅरिअरला बांधला, कॅमेऱ्याच्या आड येणार नाही असा.

“तुमी रांग लावा अण्णा,” ती म्हणाली. “मला ऊन व्हायच्या आत वळसंग गाठायचं हाय.”

आणि पायडल मारून ती फाटकाबाहेर पडली. रस्ता मोकळा होता. काल सबंध वाट ती त्यांच्या पाठी बघत आली होती. आज पडद्याच्या वरच्या चौकोनात आधी नुसतं फाटक दिसलं, मग फाटकातून पायल घाईनं बाहेर आली, मग तिच्यामागं एकेक पिवळा टी-शर्ट, सगळे तोंड तिच्याकडं करून, आणि सगळ्यांत शेवटी अण्णा, एक पाय जमिनीवर, एक हात वर केलेला. खालच्या भागात एक शब्द उमटला. थांबा.

भुवनेश्वरीनं तो वाचला, आणि गिअर बदलून पुढं निघाली.